प्रत्येक चक्राचे वाचन दाखवा: मेमरी-संशोधनाचे संपादक, परीक्षक आणि अनुदान समित्या यांना खुले पत्र

सन्माननीय संपादक, परीक्षक आणि अनुदान समित्यांचे सदस्य,

सादर नमस्कार.

वीज गेली तरी मजकूर न विसरणाऱ्या मेमरीचे नवनवे सेल (एकेक बिट साठवणारे घटक) सतत प्रसिद्ध होत असतात. कुणाचा ऑक्साइडचा, रोध बदलणारा. कुणाचा फेज-चेंज (स्फटिक-अस्फटिक अवस्था बदलणारा), कुणाचा फेरोइलेक्ट्रिक (विद्युत ध्रुवीकरण उलटणारा), कुणाचा चुंबकीय. बहुतेकांच्या सारांशात तीन आकडे ठळकपणे येतात: सेलवर किती वेळा लिहिता-पुसता आले, माहिती किती वर्षे टिकेल आणि दोन अवस्थांच्या रोधाचे गुणोत्तर किती. हे आकडे कसे मिळवले ते शोधायला गेले की अनेकदा निबंधात काही सापडत नाही, पुरवणीतही नाही. आपण ते मागत नाही, म्हणून लेखक देत नाहीत. आमची तक्रार या न मागण्याबद्दल आहे.

आम्ही हे सेल मोजतो आणि त्यांच्यावर ॲरे (सेलची जाळी), सेन्स ॲम्प्लिफायर (सेल वाचणारे सर्किट), एरर करेक्शन रचतो. आपण छापलेला आकडा हा आमचा कच्चा माल असतो. १०० कोटी चक्रे टिकणारा म्हणून छापलेला सेल प्रत्यक्षात १ लाखाला अडकला, तर त्याच्या भरवशावर आखलेले सर्किट, त्यासाठी खर्ची पडलेले वेफर आणि ते काम करणाऱ्या विद्यार्थ्याची वर्षे, सगळेच वाया जाते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

सर्वांत मोठी तक्रार एंड्युरन्सच्या, म्हणजे सेल किती लिहिणे-पुसणे सोसतो त्याच्या, आलेखाची. आडव्या अक्षावर चक्रे लॉगरिदमिक मापात, उभ्या अक्षावर रोध, आणि दोन सरळ ओळीत मांडलेले ठिपके. दर दशकाला, म्हणजे चक्रे दहापट होईपर्यंतच्या टप्प्याला, १० ठिपके. शेवटचे दशक १०० कोटी ते १,००० कोटी चक्रांचे असेल, तर त्या ९०० कोटी चक्रांमध्ये सेल वाचला गेला फक्त १० वेळा. मधल्या काळात तो कमी रोधाच्या अवस्थेत अडकला होता का, पुन्हा सुटला का, की पल्समुळे त्याची अवस्था बदलतच नव्हती, यातले काहीच त्या आलेखातून कळत नाही. हाफनियम ऑक्साइडसारख्या सेलमध्ये हे प्रश्न काल्पनिक नाहीत. फिलामेंट (ऑक्साइडमधला प्रवाह वाहणारा बारीक धागा) जाड झाला की रीसेटचा, म्हणजे रोध पुन्हा वाढवणारा, पल्स त्याला तोडू शकत नाही आणि सेल तात्पुरता अडकतो. अशा वेळी एखादा मोठा रीसेट पल्स दिला की सेल पुन्हा चालू लागतो आणि मोजणी पुढे सुरू राहते. असे किती वेळा केले, ते निबंधात लिहिलेले आम्हाला फार क्वचित दिसते.

त्याहून वाईट पद्धत म्हणजे ठरावीक संख्येने पल्स द्यायचे, मग थांबून डीसी स्वीप घ्यायचा, म्हणजे व्होल्टेज सावकाश चढवत-उतरवत न्यायचे, आणि स्वीपमधून आलेले दोन रोध आलेखावर मांडायचे. डीसी स्वीप सेकंदभर चालतो. नॅनोसेकंदांच्या पल्सपेक्षा तो कोट्यवधी पट लांब असतो, त्यामुळे मरगळलेला सेलही त्याने जागा होतो. अशा आलेखातून एवढेच सिद्ध होते की इतके पल्स देऊनही डीसी स्वीपने सेलची अवस्था बदलता येते. पल्सनी ती बदलली की नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

परीक्षकाला कागद-पेन्सिलीने करता येईल अशी एक तपासणी आहे. चक्रांची संख्या गुणिले एका चक्राचा वेळ. १ लाख कोटी चक्रांचा दावा असेल आणि सेट (रोध कमी करणे), रीसेट, मधले अंतर व दोन वाचने मिळून एक चक्र १० मायक्रोसेकंदांचे असेल, तर चाचणीला जवळपास ११६ दिवस लागतात. वाचने गाळून चक्र ४०० नॅनोसेकंदांवर आणले तर साडेचार दिवसांत काम उरकते. उलट सर्वसाधारण सोर्स मीटरने (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक चक्रात दोनदा वाचायचे आणि एका वाचनाला १०० मायक्रोसेकंद धरायचे, तर वाचनांनाच सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे निबंधात दिलेले उपकरण आणि दावा यांचा मेळ बसतो का, ते दोन मिनिटांत कळते. हा गुणाकार प्रत्येक परीक्षकाने करावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

दुसरी तक्रार सेलपर्यंत खरोखर काय पोहोचले याबद्दल. ५० ओमच्या कोॲक्स केबलची धारिता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी जनरेटरच्या बाजूला १० किलोओमचा रोध लावला आणि त्याच्यापुढे सेलपर्यंत मीटरभर केबल राहिली, तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सेलवर व्होल्टेज चढायला लागणाऱ्या वेळेचे माप, १ मायक्रोसेकंद होतो. जनरेटरवर ५० नॅनोसेकंदांचा पल्स दिसतो, सेलवर मात्र त्याच्या उंचीचा विसावा भागही पोहोचत नाही. त्या वेळेत सेलची अवस्था बदलल्याचा दावा असेल, तर सेलमधून गेलेला प्रवाह ऑसिलोस्कोपवर दाखवायला हवा. सेलचे दुसरे टोक ५० ओमवर टेकवले तर १०० मायक्रोॲम्पियरला जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात, त्यामुळे ॲम्प्लिफायर लागतो. हे काम कटकटीचे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्याशिवाय स्विचिंगचा वेळ आणि स्विचिंगची ऊर्जा हे दोन्ही आकडे जनरेटरच्या पडद्यावरून उतरवलेले राहतात.

फॉर्मिंगमध्ये, म्हणजे नव्या सेलमध्ये पहिल्यांदा फिलामेंट घडवताना, याच धारितेचा दुसरा फटका बसतो. सोर्स मीटरवर १०० मायक्रोॲम्पियरचे कंप्लायन्स, म्हणजे प्रवाहाची कमाल मर्यादा, लावलेले असते. ती मर्यादा लागू व्हायला उपकरणाला मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात, आणि सेलचा रोध कोसळतो नॅनोसेकंदांत. मधल्या क्षणी केबलमध्ये साठलेला भार सेलमधूनच वाहून जातो. ३ व्होल्ट आणि १ किलोओम धरले तर सुरुवातीचा प्रवाह ३ मिलिॲम्पियर, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या ३० पट. १०० पिकोफॅरडमध्ये ३ व्होल्टला साठलेली ऊर्जा ४५० पिकोज्यूल होते. अशा सेलपुढे ‘१ पिकोज्यूलमध्ये स्विचिंग’ लिहिलेले वाचले की वाईट वाटते. याची खूण सोपी आहे: पहिल्या रीसेटचा प्रवाह कंप्लायन्सच्या कितीतरी पट असेल, तर फॉर्मिंगमध्ये ओव्हरशूट झालेला आहे. उपायही जुनाच आहे. ट्रान्झिस्टर किंवा रोध सेलला लागून, वेफरवरच बसवायचा, म्हणजे मधली धारिता फेमटोफॅरडच्या घरात राहते.

आता टिकाऊपणा. ८५ अंश सेल्सिअसला १०,००० सेकंद मोजायचे आणि तीच रेघ पट्टीने १० वर्षांपर्यंत ओढायची, ही पद्धत अजून छापली जाते. १०,००० सेकंद म्हणजे पावणेतीन तास. १० वर्षे म्हणजे सुमारे ३१.५ कोटी सेकंद. मोजलेल्या काळाच्या ३१,५०० पट पुढे ती रेघ नेलेली असते आणि वाटेत काही बिघडणार नाही असे गृहीत धरलेले असते. बिघाड बहुतेकदा हळूहळू कळवून येत नाही. फिलामेंटमधल्या ऑक्सिजनच्या रिक्त जागा पसरत राहतात आणि रोध एका क्षणी उडी घेतो.

ज्यांनी जास्त तापमानाला भाजून आर्हेनियसच्या नियमाने (तापमानाबरोबर बिघाडाचा वेग किती वाढतो ते सांगणाऱ्या) गणित केले, त्यांचेही सगळे भवितव्य ॲक्टिव्हेशन एनर्जीवर (बिघाड घडायला ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबरठ्यावर) अवलंबून असते. ती १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर ८५ अंशांची १० वर्षे २५० अंशांच्या जेमतेम ७० मिनिटांशी जुळतात. तीच ०.८ धरली तर सुमारे साडेचोवीस तास लागतात. आकड्यात फरक ०.३ चा, निष्कर्षात वीसपटीहून अधिक. ही ऊर्जा तीन तापमानांवर, तापमानामागे दोन-तीन सेल घेऊन काढली असेल, तर तिच्यातली अनिश्चितता ०.३ सहज असू शकते. शिवाय २५० अंशांना जी प्रक्रिया सेल बिघडवते तीच ८५ अंशांनाही बिघडवेल याची खात्री नसते. तापमान वाढले की वेगळी प्रक्रिया पुढे येऊ शकते आणि बिंदू एका रेषेत बसणे बंद होते. या तिन्हींहून कमी असे चौथे तापमान घेतले तरच ते दिसेल, आणि नेमके तेच घेतलेले नसते, कारण त्याला महिने लागतात.

आणखी एक गोष्ट इथेच. ही चाचणी जवळजवळ नेहमी ताज्या सेलवर केलेली असते. फ्लॅशच्या लोकांना वारंवार लिहिण्याने टनेल ऑक्साइडमध्ये (भार अडवून धरणाऱ्या पातळ थरात) सापळे तयार होतात आणि त्यांतून भार गळतो, हे फार पूर्वी कळले. म्हणून जेडेक या उद्योग-मानक संस्थेच्या मानकात ग्राहकांसाठीच्या एसएसडीने ठरलेले सगळे लेखन सोसल्यानंतर, वीज बंद ठेवून ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष माहिती जपावी अशी अपेक्षा आहे. दुकानातल्या वस्तूला जी अट लागू आहे, ती संशोधनातल्या दाव्याला का नसावी?

चौथी गोष्ट आकडेवारीची. २० सेल तपासले आणि एकही बिघडला नाही, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांपेक्षा कमी आहे. दहा लाखांत एकापेक्षा कमी बिघाड म्हणायचे असेल, तर ३० लाख बिट एकही चूक न होता तपासावे लागतात. १ मेगाबिटच्या ॲरेत १०,४८,५७६ सेल असतात आणि त्या ॲरेचे भवितव्य सरासरी सेल ठरवत नाही, शेपटीतले शे-दोनशे सेल ठरवतात. तरीही ‘प्रातिनिधिक सेल’ हा शब्द वापरून सर्वांत चांगला सेल छापला जातो. किती सेल बनवले, किती मुळातच शॉर्ट निघाले, किती फॉर्मिंगमध्ये मेले, किती मोजून बाजूला ठेवले, हे चार आकडे लिहायला एक ओळ पुरते.

चुंबकीय मेमरीत हीच गोष्ट फार स्वच्छ दिसते. सेलची थर्मल स्टॅबिलिटी (बिट उलटायला लागणारी ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेच्या किती पट) ४० असेल तर सरासरी आयुष्य ७-८ वर्षे येते आणि ‘जवळपास १० वर्षे’ असे लिहून मोकळे होता येते. पण १०० कोटी बिटांच्या चिपमध्ये १० वर्षांत जेमतेम एखादाच बिट उलटावा असे हवे असेल, तर तोच आकडा ६० च्या वर लागतो, कारण १०० कोटींचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे २१ आहे. सेलागणिक विखुरणे धरले तर आणखी वर. ४० चा सेल चांगला असेलही, पण तो मेमरी म्हणून १० वर्षे टिकतो असे छापू नये.

रोधाच्या गुणोत्तराबद्दल थोडक्यात. १० लाखांचे गुणोत्तर दिसले की परीक्षक खूश होतात. बाजारात असलेल्या एमरॅममध्ये (चुंबकीय मेमरीत) जास्त रोध कमी रोधाच्या दोन ते तीन पटच असतो, आणि ती चालते, कारण तिचे वितरण अरुंद आहे. गुणोत्तर मधल्या मूल्यांवरून काढलेले असेल आणि दोन वितरणांच्या शेपट्या एकमेकींत शिरलेल्या असतील, तर १० लाखांचाही उपयोग नाही. शिवाय मोठे गुणोत्तर अनेकदा उच्च रोधाच्या अवस्थेत गळती फार कमी असल्यामुळे येते, आणि तो क्षीण प्रवाह नॅनोसेकंदांत वाचता येत नाही.

सेलच्या आकाराचेही तसेच. शॅडो मास्कमधून १०० मायक्रोमीटर बाजूचे इलेक्ट्रोड टाकायचे आणि प्रस्तावनेत ४० नॅनोमीटरच्या ॲरेची भाषा करायची. क्षेत्रफळातला फरक ६२.५ लाख पट आहे. मोठ्या क्षेत्रात कुठेतरी एखादी कमकुवत जागा सापडतेच, म्हणून फॉर्मिंगचे व्होल्टेज कमी दिसते. लहान सेलमध्ये ते चढते, आणि उच्च रोधाची गळतीही बदलते. आर्द्रतेचा उल्लेख तर विरळाच. चांदी-तांब्याच्या आयनांवर चालणाऱ्या अनेक सेलमध्ये ऑक्साइडमधल्या पाण्याच्या अंशाशिवाय प्रक्रिया पूर्ण होत नाही. उघड्या हवेत चालणारा सेल निर्वातात गप्प बसतो, आणि आवरणाखाली बंद केलेल्या चिपमध्ये तो काय करेल हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

फेज-चेंज सेलमध्ये अनेक पातळ्या साठवल्याचे दावे येतात. वाचन लिहिल्यानंतर लगेच केलेले असते. अस्फटिक अवस्थेचा रोध वेळेच्या एका लहान घाताच्या प्रमाणात चढतो. तो घातांक ०.१ धरला तर १ सेकंदापासून सुमारे चार महिन्यांपर्यंत रोध पाचपट होतो. मधल्या पातळ्यांचे घातांक वेगवेगळे असतात, त्यामुळे पातळ्या एकमेकींवर सरकतात. पातळ्यांचा आलेख लिहिल्यानंतर किती वेळाने काढला, ते लिहिलेच पाहिजे. फेरोइलेक्ट्रिक हाफनियम ऑक्साइडमध्ये, ज्याची पहिली नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली, गळती वाढली की हिस्टरेसिस लूप (व्होल्टेज आणि ध्रुवीकरणाचा बंद वक्र) फुगते आणि ध्रुवीकरण वाढल्याचा भास होतो. दोन धन आणि दोन ऋण पल्स देऊन गळती वजा केल्याशिवाय तो आकडा स्वीकारू नये. सुरुवातीच्या चक्रांत ध्रुवीकरण आपोआप वाढत जाते, तो भाग आलेखातून कापू नये.

कृत्रिम सिनॅप्स (न्यूरल नेटवर्कमधला जोड) म्हणून येणाऱ्या कामात एका सेलचा वक्र घेतात, त्याला समीकरण बसवतात आणि हस्तलिखित अंकांच्या प्रसिद्ध संचावर, ६०,००० प्रशिक्षणाच्या आणि १०,००० चाचणीच्या चित्रांवर, संगणकात नेटवर्क चालवून अचूकता जाहीर करतात. त्या नेटवर्कमधले हजारो सेल एकाच सेलच्या प्रती असतात. मोजलेले विखुरणे, अडकलेले सेल आणि वाढ-घटीतली विषमता आत घातल्याशिवाय त्या अचूकतेला आम्ही मोजमाप मानू शकत नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे शेवटचा तुलनात्मक तक्ता. वेग एका सेलचा, चक्रे दुसऱ्याची, टिकाऊपणा तिसऱ्याचा, प्रत्येक वेगळ्या प्रवाहाला. या मेमरीचा खरा पेच तिथेच लपतो. सेल २ व्होल्टला १०० नॅनोसेकंदांत बदलला पाहिजे, आणि ०.२ व्होल्टने वाचत असताना १० वर्षे बदलता कामा नये. व्होल्टेजमध्ये दहापट फरक, काळात ३ वर १५ शून्ये इतक्या पटीचा. हे दोन्ही एकाच सेलमध्ये, एकाच प्रवाहाला साधले का, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे. वेगवेगळ्या सेलचे आकडे एका ओळीत मांडले की तो प्रश्न नाहीसा होतो.

अनुदान समित्यांना वेगळे सांगणे आहे. आपल्या प्रस्ताव-मागणीत ‘इतकी चक्रे, इतके नॅनोसेकंद’ असे लक्ष्य असते आणि अहवालात तो आकडा दिसला की हप्ता सुटतो. त्यामुळे सर्वोत्तम सेल शोधण्याला पैसे मिळतात आणि सेल का बिघडतो हे शोधण्याला मिळत नाहीत. फ्लॅशचा पाया असलेल्या फ्लोटिंग गेटची कल्पना १९६७ साली मांडली गेली, नँड फ्लॅश १९८७ साली. मधली वर्षे केवळ वेग वाढवण्यात गेली नाहीत. गळती, सापळे, ऑक्साइडची जाडी यांचा चिवट अभ्यास झाला, म्हणून ती मेमरी आज सगळीकडे आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एंड्युरन्सचा दावा असेल तर पहिल्या १० लाख चक्रांतले प्रत्येक वाचन जोडावे. सेटनंतर एक आणि रीसेटनंतर एक, प्रत्येकी ४ बाइट धरले तर सगळी फाइल ८ मेगाबाइटची होते, मोबाइलमधल्या दोन फोटोंएवढी. त्यापुढे दर दशकात सलग किमान १,००० चक्रे वाचावीत आणि वाचने कुठे वगळली ते आलेखावरच दाखवावे. मध्ये मोठा पल्स देऊन सेल सोडवला असेल तर तो बिघाड म्हणून मोजावा. पल्सची रुंदी, उंची, चढ-उतार आणि सेलमधून गेलेल्या प्रवाहाचा प्रत्यक्ष आलेख नसेल, तर वेग आणि ऊर्जेचे आकडे सारांशातून काढायला लावावेत.

टिकाऊपणासाठी किमान चार तापमाने, प्रत्येकी किमान ३० सेल, त्यांतले निम्मे दाव्याच्या दहाव्या भागाइतकी चक्रे सोसलेले, आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी अनिश्चिततेसह. पट्टीने ओढलेली १० वर्षांची रेघ छापूच नये.

बनवलेल्या, मेलेल्या आणि मोजलेल्या सेलची संख्या सक्तीची करावी. तुलनात्मक तक्त्यातली लेखकांची ओळ एकाच सेलची, एकाच प्रवाहाची असावी.

अनुदानातला ठरावीक वाटा मोजमापासाठी राखून ठेवावा: पल्स मोजणारी उपकरणे, महिनोन्‌महिने चालणाऱ्या भट्ट्या, आणि ट्रान्झिस्टरसह किमान १ किलोबिटचा ॲरे बनवून घेण्याची सोय. बिघाडाच्या कारणांवरचे काम हे नव्या विक्रमाइतकेच पात्र मानावे आणि अंतिम अहवालाबरोबर कच्ची वाचने जमा करणे बंधनकारक करावे.

लहान प्रयोगशाळांना हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. ॲरे आणि भट्ट्यांबाबत तो खरा आहे, म्हणून तर त्या समित्यांकडे मागत आहोत. पण मेलेले सेल मोजायला, प्रत्येक वाचन जपून ठेवायला आणि सेल सोडवण्यासाठी दिलेला पल्स नोंदवायला वेगळे उपकरण लागत नाही. ज्यांच्याकडे एकच प्रोब स्टेशन आहे त्यांनी पदार्थाचे भौतिकी म्हणून निबंध लिहावा आणि आपण तो मानाने छापावा. त्याला मेमरीचे तीन आकडे चिकटवण्याची सक्ती आपल्या सारांशाच्या साच्यामुळेच होते.

पुढच्या वेळी असा निबंध आपल्या टेबलावर येईल, तेव्हा निर्णय कळवण्याआधी लेखकांकडे पहिल्या १० लाख चक्रांची फाइल मागा.

आपले,
मेमरी सेल मोजणारे आणि त्यांवर सर्किटे रचणारे संशोधक